जुना गेम पुन्हा लावताना

लहानपणी खेळलेला एखादा व्हिडिओ गेम वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा लावला की बहुतेकांची निराशा होते. चित्रं ओबडधोबड वाटतात, बटणं वेळेवर ऐकत नाहीत, कॅमेरा नको तिकडे वळतो आणि एकच टप्पा पुन्हा पुन्हा पहिल्यापासून खेळावा लागतो. गेम जुना झाला, असं म्हणून आपण तो बंद करतो. खरं तर त्यातला एक आकडाही बदललेला नसतो. मग जुनं नेमकं काय झालं? आणि अशा गेमचं करायचं काय: आहे तसा जपायचा, त्याची डागडुजी करायची, की पाडून नव्याने बांधायचा? खेळणारे, गेम बनवणारे, संग्रहालयं आणि वकील अशा सगळ्यांनी गेली काही वर्षं हा वाद लावून धरला आहे. त्याची आजची स्थिती काय, हे पाहण्याचा इथे प्रयत्न आहे. नाशिकसारख्या शहरातून पाहिलं तर या वादाची एक बाजू ठळकपणे समोर येते. आपण इथे जो गेम मूळ म्हणून मनात जपला, तो बहुतेक वेळा मूळ नव्हताच.

आपल्याकडे गेम आले कसे

१९९०च्या दशकात घरोघरी जी व्हिडिओ गेमची यंत्रं आली, ती बहुतांशी जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राच्या नकला होत्या. मीडिया, लिटल मास्टर ही नावं त्या पिढीला पाठ आहेत. त्यांच्यासोबत मिळायची पिवळी कॅसेट आणि तिच्यावर शेकडो, कधी हजारो गेमचा दावा. आत मोजकेच गेम असत. तेच पुढच्या टप्प्यापासून, जास्त जीव देऊन किंवा हातात वेगळी बंदूक देऊन यादीत पुन्हा पुन्हा टाकलेले. नाशिकमध्ये महात्मा गांधी रोड आणि मेन रोडच्या दुकानांतून ही यंत्रं घरी यायची. ज्यांना परवडायची नाहीत, ते सुट्टीत भाड्याने आणायचे.

दुसरी वाट शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधून गेली. तास संपायला पाच मिनिटं उरली की काळ्या पडद्यावर ‘डेव्ह’ नाहीतर ‘प्रिन्स’ सुरू व्हायचा. तिसरी वाट सायबर कॅफेची आणि खुणेच्या पेनाने नाव लिहिलेल्या सीडींची. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर या भागांत वाढलेल्या मुलांनी ‘व्हाइस सिटी’ आणि ईएचा ‘क्रिकेट ०७’ असेच खेळले. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज गेली की खेळही गेला. पिवळ्या कॅसेटमध्ये तर खेळ साठवायची सोयच नव्हती, त्यामुळे वीज आली की पुन्हा पहिल्यापासून.

हे तपशील केवळ आठवणीत रमण्यासाठी दिलेले नाहीत. गेम जपणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो की जपायची ती मूळ प्रत कोणती. जपान किंवा अमेरिकेत याचं उत्तर सोपं आहे: कंपनीने त्या वर्षी विकलेली प्रत. आपल्याकडे ती प्रत फारच थोड्यांनी पाहिली.

जुनं होतं ते काय

अभ्यासक आणि जाणते खेळाडू यांचं यावर बऱ्यापैकी एकमत आहे की ‘हा गेम आता खेळवत नाही’ या तक्रारीत तीन-चार वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. त्या सोडवून पाहिल्याशिवाय पुढचा वाद नीट समजत नाही.

पहिली गोष्ट यंत्राची. ‘डक हंट’ या गेममधली बंदूक आठवा. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो टिपतो. हा सगळा मामला जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेला आहे. आजचे सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर लावतात, म्हणून तीच बंदूक, तीच कॅसेट लावली तरी एकही बदक पडत नाही. इथे गेमला दोष देता येत नाही. त्याचा जोडीदार गेला आहे. चित्रांचंही तसंच. जुन्या टीव्हीवर ठिपके एकमेकांत मिसळत आणि आकाराला गोलाई येई. चित्रकारांनी ते धरूनच चित्रं काढलेली असत. आजच्या पडद्यावर तोच मारिओ विटा रचल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि ती आपल्याला थेट लागू आहे. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवत, भारतातले पाल पद्धतीचे टीव्ही पन्नास. १९८५चा ‘सुपर मारिओ’ साठ धरून बनलेला. इथल्या टीव्हीला जुळवलेल्या नकली यंत्रांवर तो सुमारे सहाव्या हिश्शाने संथ चालायचा, त्याचं संगीतही. त्यामुळे आज मोबाइलवर किंवा संगणकावर ‘खरा’ मारिओ लावला की इथे वाढलेल्या माणसाला तो घाईत पळतोय असं वाटतं, उड्या चुकतात, आणि वय झालं अशी समजूत होते. वयाचा वाटा असेलही. पण हाताला जी लय बसली होती ती वेगळ्याच वेगाची होती.

तिसरी गोष्ट रचनेची. इथे गेम खरोखर उघडा पडतो. जॉर्डन मेकनर यांचा पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९चा. त्यांनी आपल्या भावाचं पळणं, उडी मारणं चित्रित करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्यामुळे राजपुत्र धावायला लागला की जागच्या जागी थांबत नाही, त्याला एक-दोन पावलं लागतात. कडेला उभं राहून उडी मारायची तर आधी शिफ्टचं बटण धरून एकेक सावध पाऊल टाकत टोकाशी जावं लागतं. आजच्या खेळाडूला हे जड वाटतं. माझ्या मते या गेमचा सगळा जीव त्या जडपणात आहे: तासाभराची मुदत, खाली सुळे आणि आपलं शरीर आपल्या ताब्यात पूर्णपणे नाही. ते काढून टाकलं तर उरतो एक सामान्य चक्रव्यूह. उलट सुरुवातीच्या अनेक त्रिमित गेममधला हट्टी कॅमेरा, भिंतीत अडकणारी पात्रं, दूर अंतरावर ठेवलेल्या खेळ साठवण्याच्या जागा यांत जपण्यासारखं काही नाही. त्या वेळी कुणाला त्याहून बरं जमत नव्हतं, एवढंच.

चौथी गोष्ट आशयाची. बायकांचं चित्रण, वंश आणि देश यांच्याविषयीची ठोकळेबाज पात्रं आज खटकतात. ‘व्हाइस सिटी’तल्या हैतीच्या लोकांविषयीच्या संवादांवर गेम आल्यानंतर सुमारे वर्षभराने अमेरिकेत निदर्शनं झाली आणि पुढच्या प्रतींतून ते संवाद काढले गेले. म्हणजे जुन्या गेममधल्या आशयाला हात लावावा का, हा प्रश्न गेम नवा असतानाच सुरू झाला होता.

तीन भूमिका

पहिली भूमिका जशाच्या तशा जतनाची. या बाजूचे लोक म्हणतात की दोष काढलेला गेम हा दुसराच गेम. जुनं यंत्र चालू ठेवा, नाहीतर त्याचं वागणं हुबेहूब वठवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर, लिहा. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘मेम’ या प्रकल्पाने जत्रेतल्या आणि पार्लरमधल्या हजारो गेमसाठी हे काम केलं आहे. या भूमिकेचं बळ आकडेवारीतही आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा २०१०पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात कोणत्याही रूपात विकत मिळत नाहीत, असं आढळलं. जे विकत मिळत नाही, ते कुणीतरी साठवून ठेवल्याशिवाय उरणार नाही, हा त्यांचा मुद्दा खोडून काढणं कठीण आहे.

दुसरी भूमिका डागडुजीची. आतला गेम तोच. वर रंगकाम, रुंद पडद्याची सोय, जागोजागी खेळ साठवण्याची मुभा, मनात आलं तर मागे जाण्याची सोय. नोकरी आणि घरसंसार सांभाळून खेळणाऱ्या माणसासाठी हाच मार्ग व्यवहार्य आहे, असं या बाजूचं म्हणणं. पण डागडुजी बिघडू शकते, याचं मोठं उदाहरण नोव्हेंबर २०२१ मध्ये समोर आलं. ‘व्हाइस सिटी’सह तीन जुन्या जीटीए गेमचा नवा संच आला. चेहरे बिघडलेले, पावसाने पडदा झाकलेला, आणि चित्रं यंत्राकडून मोठी करून घेतल्याने दुकानांच्या पाट्यांवर चुकीचं स्पेलिंग. त्याआधी रॉकस्टार या कंपनीने जुन्या प्रती विक्रीतून काढल्या होत्या, त्यामुळे संताप दुप्पट झाला. शेवटी रॉकस्टारने माफी मागितली आणि जुन्या प्रती परत देण्याचं कबूल केलं. संगीताचा प्रश्न वेगळाच. गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. ‘व्हाइस सिटी’च्या नंतरच्या प्रतींतून मायकल जॅक्सनची गाणी गेली. रेडिओ हाच ज्या गेमचा आत्मा, त्याची डागडुजी गाण्यांशिवाय कशी करायची?

तिसरी भूमिका नव्याने बांधणीची. कथा, पात्रं, महत्त्वाचे प्रसंग ठेवायचे आणि बाकी सगळं आजच्या साधनांनी उभं करायचं. ‘रेसिडेंट ईव्हिल २’ (२०१९) आणि ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ (२०२३) यांनी हे जमू शकतं हे दाखवून दिलं. दोन्ही गेम मूळ गेमच्या जाणकारांनाही आवडले. या बाजूचे लोक नाटकाचा दाखला देतात: संहिता तीच, प्रयोग नवा. विरोधकांचं उत्तर असं की नाटकाची संहिता छापलेली हाताशी राहते. इथे नवा प्रयोग आला की जुना बाजारातून उठवला जातो.

पुण्यात आलेला राजपुत्र

हा वाद आपल्या दारात आला तो १० सप्टेंबर २०२० रोजी. २००३चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बांधण्याचं काम युबिसॉफ्ट या कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे असल्याचं त्या दिवशी जाहीर झालं. मूळ गेम कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा. भारतात एवढ्या मोठ्या नावाच्या गेमचं मुख्य काम होत आहे, याचा इथल्या तरुण कारागिरांना झालेला आनंद खरा होता.

त्या गेमची अवस्थाही नेमकी या प्रश्नातली. खंजिराने काळ मागे फिरवून चूक सुधारण्याची त्याची कल्पना आजही ताजी आहे, भिंतीवरून धावणं आजही मजा देतं. लढाया मात्र एकसुरी आहेत. कॅमेरा कोपऱ्यात अडकतो. संगणकावरची प्रत आजच्या रुंद पडद्यावर नीट बसत नाही. म्हणजे जपण्यासारखं आणि टाकण्यासारखं एकमेकांना लागून आहे.

पहिली झलक आल्यावर जगभरातून टीका झाली: राजपुत्राचा चेहरा कृत्रिम वाटतो, प्रकाश सपाट आहे, हा २०२० सालचा गेम दिसत नाही. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे सोपवण्यात आलं. पुण्या-मुंबईत घडलेलं ते रूप खेळाडूंच्या हाती कधीच आलं नाही. काही जणांनी याचं खापर इथल्या स्टुडिओंच्या अननुभवावर फोडलं. दुसरं म्हणणं असं की जुन्या गेमची पुनर्बांधणी हे मुळात नव्या गेमइतकंच मोठं काम आहे, आणि ते कमी वेळात, कमी खर्चात होईल हा हिशेबच चुकतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातला न्याय देता येणार नाही. दुसरं म्हणणं मला अधिक पटतं, कारण ज्या पुनर्बांधण्या जमल्या त्यांच्यामागे पूर्ण ताकदीचे संघ होते. पुण्यातच नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ हा स्वतंत्र गेम आणून नाव कमावलं, हेही इथे नोंदवायला हवं.

खेळाडूंनी चालू ठेवलेला गेम

वरच्या तिन्ही भूमिकांत निर्णय कंपनीचा किंवा संग्रहालयाचा असतो. आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र यापैकी कुठेच बसत नाही. ‘क्रिकेट ०७’ कॅनडाच्या एचबी स्टुडिओजने बनवला आणि ईएने २००६च्या अखेरीस आणला. त्यानंतर ईएने क्रिकेटचा गेमच काढला नाही. प्रेक्षकांतली माणसं पुठ्ठ्याची वाटतात. क्षेत्ररक्षक ठरावीक चुका करतात, आणि कोणता फटका कोणत्या चेंडूवर हमखास चौकार देतो हे कळलं की सामन्यातली चुरस संपते. अधिकृत परवाने इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचे. भारताच्या खेळाडूंची नावं खोटी. आयपीएल सुरू व्हायला अजून दीड वर्ष होतं, त्यामुळे तीही नाही.

तरीही हा गेम जिवंत राहिला, कारण खेळाडूंनीच तो बदलत ठेवला. नावं दुरुस्त झाली, कपडे बदलले, मैदानं, बॅटी, धावफलक नवे आले, दरवर्षीच्या आयपीएलचे संघ आले. साध्या संगणकावर चालतो, दोघं एकाच कीबोर्डवर बसून खेळू शकतात आणि शिकायला पाच मिनिटं पुरतात: याच गुणांवर तो टिकला. नंतरचे क्रिकेटचे गेम दिसायला कितीतरी सरस, पण हा साधेपणा त्यांच्यापैकी फार थोड्यांना साधला.

जतनवाल्यांना इथे अडचण येते. खोट्या नावांचा, आयपीएल नसलेला ‘क्रिकेट ०७’ फार थोड्या भारतीयांच्या आठवणीत आहे. जपायचा कोणता? कंपन्यांनाही अडचण आहे, कारण हे सगळे बदल त्यांच्या परवानगीविना झालेले असतात. ‘व्हाइस सिटी’चा प्रोग्रॅम उलगडून नव्याने लिहिणाऱ्या हौशी लोकांवर टेक-टू या कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत दावाच लावला.

आपले गेम

जुना झालेला गेम आणि मुळातच कच्चा असलेला गेम यांत फरक करावा लागतो. ‘योद्धा’ (१९९९), ‘भगतसिंग’ (२००२) हे भारतात बनलेले सुरुवातीचे संगणक गेम आणि हैदराबादच्या ऑरोनाने प्लेस्टेशन २ साठी केलेला ‘हनुमान: बॉय वॉरियर’ (२००९) हे मुळातच कच्चे होते, असं प्रामाणिकपणे म्हणायला हवं. ‘हनुमान’ निघाला त्या वर्षीच समीक्षकांनी त्याच्या अडखळत्या हालचालींवर कडक टीका केली. देवाला बटणांनी नाचवणं योग्य नाही, अशी हरकत अमेरिकेतले हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी घेतली, तीही वेगळीच बाजू. काळाने हे गेम बिघडवलेले नाहीत.

मग ते जपावेत का? मला वाटतं, नक्कीच जपावेत. गेमचा दर्जा आणि जतनाची गरज यांचा थेट संबंध नाही. पैसा आणि अनुभव कमी असताना इथल्या लोकांनी काय करून पाहिलं, कुठे अडले, भगतसिंग किंवा हनुमान पडद्यावर आणताना त्यांना काय दाखवावंसं वाटलं, याचा तो एकमेव पुरावा आहे. उलट मत असं की जतनाचा पैसा आणि माणसं मुळात तोकडी, तेव्हा निवड करावीच लागेल. हेही झिडकारण्यासारखं नाही.

कायदा आणि संस्था

नाशिककरांना एक जवळचा दाखला आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. त्यानंतर ते नाशिकला आले आणि १९१७ मध्ये त्यांनी त्याच कथेवर पुन्हा चित्रपट केला. आज जी रिळं उरली आहेत ती पहिल्या चित्रपटाची की दुसऱ्याची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. एकाच कारागिराने स्वतःचंच काम नव्याने केलं आणि चार वर्षांच्या अंतरातल्या दोन कृती शंभर वर्षांनी वेगळ्या करता येईनात. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं म्हणून निदान हा वाद घालण्यापुरती रिळं हाती आहेत. पुस्तकं आणि वर्तमानपत्रांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याचा कायदा १९५४चा आहे. गेमचा त्यात समावेश नाही.

कॉपीराइट कायद्यातली वाट अरुंद आहे. १९५७च्या कायद्यानुसार प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली जाते. कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला ती वापरण्यासाठी किंवा नष्ट होण्याच्या भीतीपोटी राखीव प्रत करता येते. २०१२च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना त्यांच्याकडे असलेल्या कृतीची डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली. पण पिवळ्या कॅसेटचं काय? तिची कायदेशीर प्रत कुणाकडेच नाही, कारण ती कॅसेटच बेकायदा होती. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने जे खेळलं, ते जपायची सरळ वाट या कायद्यात मला दिसत नाही. अमेरिकेतही परिस्थिती फार सैल नाही: ग्रंथालयांनी जुने गेम संशोधकांना दुरून वापरू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. जे विकत मिळत नाही ते फुकट वाटलं तर उद्याची विक्री बुडेल, ही उद्योगाची भीती त्यामागे होती. जुन्या गेमचे नवे संच खरोखर खपतात, तेव्हा ही भीती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

काय उरलं आहे

मूळ प्रत कोणती, या प्रश्नाला आपल्यापुरतं उत्तर शोधावं लागेल. माझं मत असं की कंपनीच्या प्रतीशेजारी इथे प्रत्यक्ष खेळलेली प्रत ठेवायला हवी: पन्नास चित्रांच्या वेगाची, वाढीव जीवांची, बदललेल्या नावांची. सोबत ती कशी खेळली जायची याची नोंदही हवी. कुणाच्या घरी किती जण जमायचे, एक मेला की कंट्रोलर कुणाकडे जायचा, लॅबमध्ये सर आले की कोणतं बटण दाबायचं, हे कुठल्याच इम्युलेटरमध्ये साठवलेलं नाही. ते सांगू शकणारी माणसं आज चाळिशीत आहेत. दुकानदार आणि कॅफेवाले त्याहून पुढे.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. वरचे सगळे गेम निदान कॅसेटमध्ये किंवा सीडीवर होते. आजची मुलं जे खेळतात ते सर्व्हरवर चालतं. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि काही आठवड्यांत तो इथे चालेनासा झाला. पुढे त्याच्या जागी वेगळ्या नावाचा गेम आला. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या मोटारींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे मोजून घेतलेली सीडीही निरुपयोगी ठरली. त्यातून युरोपात मोहीम उभी राहिली आणि २०२५च्या जुलैपर्यंत तिने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा, एवढीच तिची मागणी. कंपन्यांचं म्हणणं असं की सर्व्हरशिवाय चालण्यासाठी बांधलेलेच नसलेले गेम तसे सोडणं खर्चिक आणि सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचं आहे. काही गेमच्या बाबतीत ते खरं असेल. पण पुढच्या गेमची बांधणी करतानाच ही सोय ठेवावी का, यावर आपल्याकडे अजून चर्चाही सुरू झालेली नाही.